हात गेला, तर दोष कोणाचा?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत यंत्राचे अपघात आणि नुकसानभरपाईचे दावे हा विषय ठेवला, तेव्हा काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हा वकिलांचा विषय, धम्माचा नव्हे, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. आम्हांला तसे वाटत नाही. वर्षावास संपता संपता आपल्या जिल्ह्यात बाजरी आणि सोयाबीनची मळणी सुरू होते. शेवगाव-पाथर्डीपासून नेवासे-राहुरीपर्यंत रात्री-अपरात्री हडंब्याची घरघर ऐकू येते. त्या हडंब्याच्या तोंडाशी जे हात असतात, ते पुष्कळदा आपल्याच वस्तीतल्या कोणाचे तरी असतात. म्हणून हे बोलणे याच व्यासपीठावरून आणि याच दिवसांत झाले पाहिजे.

अपघात झाला की गावात दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले, "त्याचं ध्यान नव्हतं." दुसरे, "नशिबात होतं, कोण काय करणार!" ही दोन वाक्ये एकमेकांविरुद्ध आहेत, हे कोणाच्या लक्षात येत नाही. पहिल्यात सगळा दोष मजुराचा, दुसऱ्यात दोष कोणाचाच नाही. पण दोहोंचा परिणाम एकच होतो. बोलणे तिथेच संपते, यंत्राकडे कोणी बघत नाही आणि यंत्राच्या मालकाला कोणी काही विचारत नाही. दवाखान्याचा थोडाफार खर्च मालकाने केला तर त्याचे उपकार मानले जातात. पुढच्या सुगीत तोच हडंबा, तशाच उघड्या तोंडाने, दुसऱ्या शेतात उभा राहतो.

नशिबाचे वाक्य आधी निकालात काढू. आपल्याला ते अवघड जाऊ नये. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाचा प्रसंग आहे. माणसाला जे सुखदुःख भोगावे लागते ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात. हे खरे काय, असे त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी त्याला वेदनांची आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, विषम वागणूक, दुसऱ्याकडून झालेला आघात आणि शेवटी कर्माचा विपाक. सारे काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे लोक, जे त्यांना स्वतःला ठाऊक आहे आणि जे सर्व जगाला ठाऊक आहे, त्याच्याही पलीकडे बोलतात, असे त्यांनी स्पष्ट केले. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना बुद्धाच्या मूळ शिकवणीशी विसंगत ठरविली. तेव्हा ज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याने तुटलेल्या हातासमोर उभे राहून नशिबाचे नाव घेऊ नये. कारण शोधावे.

आता कारण पाहू. मळणीयंत्रात दातेरी ड्रम मिनिटाला शेकडो फेरे घेत असतो. पेंढी किंवा कणसे तोंडातून आत सरकविली की दाते ती खेचून घेतात. ओली पेंढी अडते, आखूड कणसे तोंडाशीच रेंगाळतात, आणि हाताने ढकलण्याचा मोह तिथे होतो. ड्रमने पेंढी खेचली की पेंढीबरोबर हातही जातो. "हात सोडायला हवा होता" हे बांधावर उभा असलेला माणूस म्हणतो. तोंडाशी उभ्या असलेल्याला तेवढा वेळच मिळत नाही. त्यात मळणीचा भाव पोत्यावर ठरलेला. जितकी पोती लवकर, तितके दुसरे शेत लवकर. दिवसभराच्या सोंगणीनंतर रात्री एका बल्बच्या उजेडात, धुळीत डोळे चोळत हे काम चालते. बायांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. ट्रॅक्टरपासून यंत्रापर्यंत फिरणारा पीटीओचा शाफ्ट उघडा असला तर पदर किंवा ओढणी त्यात गुंडाळली जाते. कडबाकुट्टीचे तोंड आणि गुऱ्हाळाचा चरक यांची कथाही याहून वेगळी नाही.

हे सारे फार पूर्वी कळून चुकलेले आहे. हरितक्रांतीनंतर पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशात मळणीयंत्रे भराभर आली आणि तितक्याच भराभर हात तुटू लागले. तेव्हा भारतीय मानक संस्थेने १९७९ साली आयएस ९०२० हे मानक काढले. त्यातली मुख्य गोष्ट अगदी साधी आहे. यंत्राच्या तोंडाचे पन्हाळे निदान ९०० मिलिमीटर लांब असावे आणि ड्रमच्या बाजूचा त्यातला निदान ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा. म्हणजे माणसाचा हात कोपरापर्यंत आत गेला तरी ड्रमला लागू नये. एवढ्या पत्र्याला किती पैसे पडतात, हे आपल्या वस्तीतल्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याला विचारा. पुढे १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रे विनियमन कायदा केला. शक्तीवर चालणारे मळणीयंत्र त्यात नाव घेऊन घातले. यंत्र बनविणाऱ्याला आणि विकणाऱ्याला परवाना हवा, यंत्र ठरलेल्या मानकाप्रमाणे हवे, सोबत ते कसे चालवावे याची पुस्तिका हवी, असे बंधन आले. कायदा झाला तो मजुराच्या निष्काळजीपणामुळे नव्हे, तर यंत्रातच खोट होती म्हणून.

इतके ऐकल्यावर काही जण म्हणतील, मग माणसाने स्वतः काळजी घ्यायचीच नाही काय? घ्यायचीच. याबाबत आम्ही कोणाला सूट देणार नाही. तथागतांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना अप्रमादाचीच आठवण दिली. अप्रमाद म्हणजे सदैव जागे असणे. तो विहारातल्या आसनावर लागतो तितकाच, किंबहुना जास्तच, फिरत्या पट्ट्यापाशी लागतो. पाचवे शील आपण रोज तोंडाने म्हणतो. मळणीच्या रात्री मालकाने थकवा जावा म्हणून पाजलेली घोटभर दारू त्या शीलात बसत नाही, आणि कायद्यातही बसत नाही, हे पुढे येईलच. सैल बाह्या, मोकळा पदर, हातातले कडे, गळ्यातला रुमाल या गोष्टी घरी ठेवून यायच्या. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या आणि नागापूर, सुपे येथील औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या आमच्या मुलांना तर आमचे हात जोडून सांगणे आहे. हँड ग्राइंडरचे गार्ड काढून त्यात मोठी चकती बसविणे ही हुशारी नव्हे. चकती फुटली तर तिचा तुकडा थेट तोंडावर येतो, आणि तो परत फिरविता येत नाही.

पण स्वतःची जबाबदारी ही एक गोष्ट आणि भरपाईचे दायित्व ही दुसरी. आपल्याकडे या दोहोंची गल्लत होते आणि त्या गल्लतीची किंमत नेहमी गरीबच मोजतो. कायद्याने ही गल्लत शंभर वर्षांपूर्वीच दूर केली. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा, १ जुलै १९२४ पासून अमलात आलेला. त्याचे मूळ तत्त्व असे की, कामामुळे आणि काम चालू असताना अपघात होऊन इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक होती हे मजुराला सिद्ध करावे लागत नाही. मजुराचे लक्ष क्षणभर उडाले होते, एवढ्याने त्याचा हक्क जात नाही. थकलेल्या माणसाचे लक्ष उडते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. भरपाई नाकारता येते ती मोजक्याच प्रसंगी: मजूर दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता, सुरक्षिततेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा संरक्षणासाठी बसविलेले गार्ड, ते त्यासाठीच आहे हे ठाऊक असूनही, त्याने मुद्दाम काढले. आणि मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर या सबबीही चालत नाहीत.

'मुद्दाम' हा शब्द इथे कळीचा आहे. "गार्ड नव्हते" असे मालक सांगतो, तेव्हा पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. ते कोणी काढले, कोणाच्या सांगण्यावरून काढले आणि आधी ते होते तरी काय? ज्या यंत्राला गार्ड कधी बसविलेच नव्हते, त्याचे गार्ड काढल्याचा आरोप मजुरावर कसा येईल? दोषाचे सारे ओझे या एका प्रश्नावर इकडून तिकडे सरकते.

हा कायदा २००९ च्या दुरुस्तीने कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आल्यावर तिच्यात सामावला. वर सांगितलेले तत्त्व आणि अपवाद तेच राहिले. ट्रॅक्टरने किंवा यांत्रिक शक्तीवर, विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीकामातले मजूर जुन्या कायद्याच्या परिशिष्टातच घातलेले होते. "तो चार दिवसांचा रोजंदारीवाला, तो कसला कामगार" ही पळवाट २००० सालच्या दुरुस्तीने बंद झाली. ज्या कारखान्यांना राज्य विमा लागू आहे, तिथे भरपाई मालकाऐवजी विमा महामंडळाकडून मिळते. त्या योजनेचा आराखडा करण्यासाठी प्रा. अदारकर यांची नेमणूक १९४३ साली झाली, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री बाबासाहेब होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. शिकाऊ उमेदवारांनाही अशी भरपाई मिळण्याची तरतूद १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात झालेली आहे.

आता आकड्यांकडे येऊ. आकडे कळल्याशिवाय आपण काय सोडून देतो ते कळत नाही. ३० वर्षांचा मजूर, महिन्याचे वेतन १०,००० रुपये धरू. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी वेतनाचे ६० टक्के, म्हणजे ६,००० रुपये, आणि वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. ३० व्या वर्षी तो २०७.९८ आहे. गुणाकार १२,४७,८८० रुपये होतो. एक पंजा गेला तर परिशिष्टाप्रमाणे कमाईची शक्ती ६० टक्के गेली असे धरतात, म्हणजे ७,४८,७२८ रुपये. अंगठा गेला तर ३० टक्के. नुसती तर्जनी पूर्ण गेली तरी १४ टक्के, म्हणजे सुमारे पावणेदोन लाख. आता गावात पंच बसून पाच-दहा हजारांवर जे मिटविले जाते, ते या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. "काही तक्रार नाही" असे लिहून स्टँप पेपरवर अंगठा घेतला असला, तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मृत्यू झाला असेल तर भरपाईची रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. विधवेच्या हातावर परस्पर ठेवलेले पैसे भरपाईत मोजले जात नाहीत.

परिशिष्टातला टक्का हा शेवटचा शब्द नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. परिशिष्टाच्या टक्क्यानेच भरपाई द्यावी, असे मालकाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली असा निर्णय दिला की, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व आहे. शिवाय भरपाई देण्याचे दायित्व अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते. आता ऊसतोड करणाऱ्या माणसाचा विचार करा. एका हाताने तो कोयता कसा चालविणार आणि मोळी कशी बांधणार?

मळणीच्या कामात मालक कोण, हा मात्र खरोखर अवघड प्रश्न आहे. शेत एकाचे, हडंबा दुसऱ्याचा, टोळी मुकादमाची. अपघात झाला की तिघे एकमेकांकडे बोट दाखवितात. कायद्याचा कल असा की, स्वतःच्या धंद्याचे काम ज्याने ठेकेदाराकडून करून घेतले, त्या मूळ मालकाकडे मजूर भरपाई मागू शकतो; मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणून अर्जात तिघांचीही नावे घालावीत. कोणावर किती, ते प्राधिकारी ठरवील. मजुराने आधीच एकाला माफ करून टाकू नये.

आणि यंत्र बनविणारा? तो तर या भांडणात कुठे दिसतच नाही. अमेरिकेत मात्र त्यालाही कोर्टात उभे केले जाते. २००५ साली तिथे फरशीच्या लाकडी पट्ट्या कापणाऱ्या एका कामगाराचा हात मेजाला बसविलेल्या करवतीने जबर जखमी झाला. पात्यावरचे आवरण त्या वेळी लावलेले नव्हते. बोटाचा स्पर्श होताच पाते क्षणात थांबविणारी युक्ती तोपर्यंत निघाली होती, पण कंपनीने ती आपल्या करवतीत वापरली नव्हती. त्याने कंपनीवर दावा केला. २०१० साली बोस्टनच्या ज्युरीने ३५ टक्के दोष कामगाराचाही धरला आणि तरीही त्याला १५ लाख डॉलर मंजूर केले. २०११ साली अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. या निकालावर तिकडे बरीच टीका झाली. माणसाने स्वतः बेपर्वाई करायची आणि कारखानदाराने पैसे भरायचे, हा कसला न्याय, असे पुष्कळांनी विचारले. प्रश्न अगदीच गैरलागू नाही. प्रत्येक बोटागणिक कोर्ट गाठणारा समाज आम्हांलाही फार आवडेल असे नाही. पण त्या ३५ टक्क्यांकडे नीट पाहा. कामगाराची चूक मोजली गेली. ती लपविली नाही, आणि तिच्याआड बाकीच्यांना लपूही दिले नाही. आमच्या गावात चूक मोजतच नाहीत. शंभर टक्के उचलून मजुराच्या पदरात टाकतात.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे प्रकरण आले आणि तो कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. यंत्राची रचनाच सदोष असेल, ते ठरलेल्या मानकाप्रमाणे नसेल किंवा वापराच्या सूचना अपुऱ्या असतील, तर उत्पादकाकडे भरपाई मागता येते. मात्र यंत्र कामाच्या जागेसाठी मालकाने घेतले असेल आणि उत्पादकाने त्या मालकाला धोक्याची सूचना दिलेली असेल, तर सूचना दिली नाही या कारणावरून उत्पादकाला धरता येत नाही. म्हणजे ती पुस्तिका मालकाच्या कपाटात पडून राहिली, तर जबाबदारी मालकाकडे येते. मजुराला ती वाचून कोण दाखविणार? आपल्या शिकलेल्या मुलांनी हे एक काम अंगावर घ्यावे. सुगीपूर्वी वस्तीत येणाऱ्या प्रत्येक हडंब्याचे तोंड टेपने मोजावे. ९०० आणि ४५० हे दोन आकडे पाठ असले की पुरे.

आपल्यातही आता काही जण ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे बाळगून आहेत. बचत गटांनीही यंत्रे घेतली आहेत. याचा आम्हांला अभिमान आहे, म्हणूनच हेही बोलतो. सिगालोवाद सुत्तात धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतले पहिले, सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे. पुढे जेवण व वेतन, आजारात शुश्रूषा आणि वेळेवर सुट्टी ही कर्तव्येही येतात. रात्री बारानंतर पेंगणाऱ्या माणसाला तोंडाशी उभे करणारा आपला असला तरी तो हे सुत्त मोडतो. यंत्र घेताना कर्ज काढतो, तसा मजुरांचा विमाही काढावा. अपघात झाल्यावर "आपलाच माणूस आहे, कोर्टात कशाला जायचे" असे म्हणून आपल्यातल्याच गरिबाचा हक्क बुडविणे हे आम्हांला परक्याने बुडविण्याहून अधिक लाजिरवाणे वाटते.

सरकारी मदतीबद्दल थोडे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना २०२३ पासून सानुग्रह अनुदानाच्या रूपात आली. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक अवयव गेल्यास एक लाख. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि जो दुसऱ्याच्या शेतात हडंब्यापुढे उभा राहतो, तो तिच्याबाहेर राहतो. सुगीतला सर्वांत जोखमीचा हात नेमका या योजनेबाहेरचा, हे संस्थेने निवेदन देऊन शासनासमोर मांडावे, अशी आमची सूचना आहे.

अशा माणसाला मुख्य आधार भरपाईच्या दाव्याचाच उरतो. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे. पहिल्या दोन दिवसांत काय करायचे ते अधिक महत्त्वाचे. दवाखान्याच्या केसपेपरवर "घरी पडून लागले" असे लिहू देऊ नका. यंत्राचे नाव, जागा आणि वेळ लिहून घ्या. पोलिसांत नोंद करा. यंत्र दुरुस्त होण्याआधी किंवा गावाबाहेर जाण्याआधी त्याचे तोंड, शाफ्ट आणि कंपनीची पाटी यांचे फोटो काढा. मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. शेजारी काम करणाऱ्या दोघांची नावे लिहून ठेवा, कारण महिन्याभरात कोणालाच काही आठवेनासे होते.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. तेव्हा जातीचा दाखला जवळ असू द्या. अहिल्यानगरच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि तालुक्याच्या न्यायालयांत समित्या आहेत. तिथे अर्ज करायला माणूस एकटा जाऊ नये, एवढे तरी आपली संस्था पाहू शकते. दोन पदवीधर तरुणांनी आजच सभा संपल्यावर आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. बाजरीची मळणी पंधरा दिवसांवर आली आहे.

जय भीम!